३१० फुटांचं 'लक्झरी' ऑफिस: आठ महिने बसल्यानंतर

एकूण खर्च ४ लाख ३४ हजार. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऑफिसात येणारा प्रत्येक जण भिंतीवरून हात फिरवत तोच विचारतो. सदाशिव पेठेतली जुनी इमारत, पहिला मजला, ३१० चौरस फूट कार्पेट, पश्चिमेला खिडकी. मी करसल्लागार, बसणारे आम्ही चौघं. गुढीपाडव्याला पूजा केली. त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि जुलैतली रिटर्नची झुंबड इथे काढली. आता बोलायला हरकत नाही.

डिझायनरचा अंदाज साडेसात लाखांचा होता. तिला फक्त ड्रॉइंगचे पैसे दिले आणि सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी मीच लावले. प्लाय आणि लॅमिनेट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, दिवे तपकीर गल्लीतून. पैसे वाचले हे खरं. पण दोन महिने मी साडेनऊला साइटवर असायचो आणि सुतार अकराला यायचा, ते तास वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

सगळ्यात हौसेनं केली ती काचेची केबिन. १० एमएम टफन्ड काच, काळ्या ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या. दिसते अजूनही झकास. पण मे महिन्यात बाहेर थांबलेले एक काका आत आले आणि बसताबसता म्हणाले, "आधीच्या गृहस्थांना फ्लॅटचे बरे मिळाले हो!" मला घाम फुटला. माझ्या धंद्यात माणसं डॉक्टरलाही सांगणार नाहीत ते सांगतात, आणि ते सोफ्यावर बसलेल्याला शब्दन् शब्द ऐकू जात होतं. मी काचेला दोष दिला. जाड काचेचं कोटेशनसुद्धा मागवलं.

खरा चोर जुलैत सापडला, तोही दुसऱ्याच कारणानं. फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, ऐन गर्दीत गेला. ड्रायव्हर जिप्समच्या वर, आणि तिथे हात घालायला झाकणच ठेवलेलं नाही! सीलिंग कापावं लागलं. इलेक्ट्रिशियननं भोकात डोकं घातलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची केबिन वरून उघडीच आहे." काच फॉल्स सीलिंगला टेकून संपत होती. त्यावर खऱ्या स्लॅबपर्यंत फूटभर मोकळी जागा, आणि आवाज तिथून निवांत पलीकडे उतरायचा. मग त्या फटीत दुहेरी जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरून घेतलं, दाराखाली रबरी पट्टी लावली. खर्च ११ हजार, जाड काचेच्या कोटेशनच्या पाव भागात. आता बाहेर नुसती कुजबुज येते. ऑफिस करत असाल तर पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, सीलिंग नंतर करा. सुतार उलटं सुचवेल, कारण त्याला ते सोपं पडतं.

त्याच भोकातून दुसरी चूकही कळली. ८ मीटरची १२ व्होल्टची पट्टी एकाच टोकाकडून जोडली होती, म्हणून खिडकीकडचं टोक मंद दिसायचं. आता २४ व्होल्टची टाकली आहे, खाली उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियम चॅनेलसकट. भोकावर झाकण बसवलं. रिसेप्शनला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड आहे आणि तिथलं 'हॉटेलसारखं वाटतं' हे कौतुक बहुतेक त्याचंच. कामाच्या टेबलांवर मात्र ४००० केल्विनचा, जास्त पांढरा उजेड ठेवा. पिवळ्या उजेडात फिकट झेरॉक्स वाचून आमच्या ऑफिसातल्या मुलीचं डोकं दुखायचं.

काळं मॅट टेबल ही निव्वळ माझी हौस. फोटोत देखणं, प्रत्यक्षात प्रत्येक बोट उमटतं. वडापाव खाऊन सही करायला येणाऱ्यांची तर ओळखपरेडच. बोटं न उमटणारं लॅमिनेट मिळतं, महाग असतं, आणि मी नेमके तिथेच पैसे वाचवले. उलट रिसेप्शनमागच्या भिंतीवरचे चारकोल लूव्हर्स, म्हणजे खाचांचे तयार पॅनेल, स्वस्तात पडले आणि उरलेली वाहवा तेच खातात. खाचांमध्ये धूळ बसते. मावशी दर शनिवारी रंगाच्या ब्रशनं झाडतात आणि झाडताना माझ्याकडे बघतात.

पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. तिथलं फाइलींचं कपाट आयएस ७१० (भारतीय मानक) च्या, पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचं, भिंतीपासून इंचभर सोडून ठेवलेलं. त्याला काही झालं नाही. शेजारचं प्रिंटरचं खोकं आयएस ३०३ च्या एमआर प्लायचं. ते तळाशी फुगलं, लॅमिनेटला फोड आले. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, वॉटरप्रूफ नव्हे. दुकानात हा फरक कुणी आपण होऊन सांगत नाही. सगळीकडे मरीन वापरायची गरज नाही, फक्त ओलीच्या भिंतीपाशी कंजुषी नको.

जुन्या टाइल्सवर एसपीसी फ्लोअरिंग (दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या पट्ट्या) टाकलं. दीड दिवसात झालं, तक्रार नाही. जमीन ५ एमएम वर आली म्हणून मुख्य दार तासावं लागलं, एवढंच.

खुर्च्या जुन्या घेतल्या, बंद पडलेल्या एका आयटी ऑफिसातल्या. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात जाळीची पाठ मिळाली. चाकं तेवढी बदलली, कारण कडक नायलॉननं फ्लोअरिंगवर चरे पडत होते. क्लायंटच्या दोन खुर्च्या मात्र नव्या, चांगल्या गादीच्या. माणूस पाऊण तास तिथे बसतो, भिंत दोन मिनिटं बघतो.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. सामानाच्या अर्ध्या कोटेशनखाली बारीक अक्षरांत 'जीएसटी वेगळा' होतं आणि करसल्लागार असून मी तो १८ टक्के बजेटमध्ये धरायला विसरलो. निदान बिलं वेगवेगळी मागितली. भिंतीला कायमचं जोडलेलं काम जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडकतं, त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; सुट्या खुर्च्यांचं ते क्रेडिट मिळालं.

काळ्या टेबलावर आता राखाडी, न डागाळणारं लॅमिनेट चढवायचं आहे. कोटेशन ९ हजार. सुतार आधी दिवाळीनंतर येतो म्हणाला होता, परवा विचारलं तर लग्नसराई संपू दे म्हणाला. तोवर टेबलावर वर्तमानपत्र अंथरतो आहे.