भिंतीवरचा कोळी ओळखायचा कसा: फोन, ॲप की शेजारची अक्का?

पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या कौलारू घरात कॅलेंडर जरा हलवलं की मागून पंजाएवढा कोळी सुटतो. झाडू घ्यायचा की फोन, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मी तिन्ही वाटा वापरल्यात.

सर्वांत झटपट म्हणजे फोनमधला चित्रावरून शोध. आणि सर्वांत जास्त घाबरवणारीही हीच वाट. हा शोध चित्राला चित्र जुळवतो. कोळी जांबोटीचा की टेक्सासचा, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मोरीतल्या तपकिरी कोळ्याचा फोटो टाकला, तर उत्तर आलं ‘ब्राऊन रिक्लूज’. तो मूळचा अमेरिकेतला! घरात त्या रात्री कुणी मोरीत जाईना.

आयनॅचरलिस्ट ॲपचं तसं नाही. ते ठिकाण लक्षात घेऊन नावं सुचवतं, मग जाणकार माणसं फोटो पाहून आपलं मत देतात, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी होते. उत्तर तासाभरात येईल, नाहीतर महिने जातील. घरातला फोटो असेल तर ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय आधी निवडा, नाहीतर घराचा पत्ता जगजाहीर. कणकुंबीकडे रेंज नसते तिथे त्यांचंच ‘सीक’ ॲप बरं. ते नेटशिवाय आणि खात्याशिवायही चालतं.

फोटो मात्र नीट हवा. काचेचा ग्लास पालथा घाला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवा. एक फोटो वरून, एक समोरून, डोळे दिसतील असा. तरीही बऱ्याचदा नाव वंशापाशीच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापाशीच थांबतं. नेमकी जात सांगायला पूर्ण वाढलेल्या कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि तेवढं आपल्याला नकोच असतं.

राहिली शेजारची अक्का. आमच्या गल्लीत निम्मी घरं कोळ्याला कन्नडमध्ये ‘जेड’ म्हणतात, निम्मी मराठीत कोळी. तिला नाव विचाराल तर एवढंच मिळेल. पण मी मोरीतला प्रकार सांगितला तेव्हा तिने नाव नाही, दुसरंच विचारलं: ‘‘जाळं हाय का? अंडी कुठं धरलीत?’’ रंगापेक्षा हे दोन प्रश्न जास्त कामाचे. छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळं, काडीसारखे पाय, डिवचलं की थरथर, अंड्यांचा घोस तोंडात: हा लांबपाय्या, जळमटांचा मालक. जाळं नाही, पाय खेकड्यासारखे आडवे, पळायला विजेसारखा, मादीच्या पोटाखाली चपटी पांढरट थैली: हा हंट्समन, झुरळं खाणारा. मोरीतला हाच निघाला. अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरणारा लांडगा कोळी. त्याची पिल्लं नंतर आईच्या पाठीवर बसतात. समोरून मोठे डोळे रोखून बघणारा, टुणकन उडी मारणारा तर सगळ्यांना ठाऊक आहे. जाड, केसाळ, सावकाश चालणारा दिसला तर तो टॅरँट्युला असू शकतो. आपल्याकडे तो बहुधा जांभ्याच्या मातीतल्या बिळात राहतो. त्याला हात न लावता बाहेर जाऊ द्यावं.

अक्काचं एक मात्र मी ऐकत नाही. अंगावर जळजळीत पट्टा उठला की ‘जेड फिरलं’ म्हणते. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येणारा पेडेरस नावाचा बारीक भुंगेरा अंगावर चिरडला, तरी असाच पट्टा उठतो. अंगावर दिसला तर फुंकून उडवा, चोळू नका, मग जागा साबणाने धुवा.

आणि चावल्याचा संशय असेल तर वरच्या तिन्ही वाटा बंद. विशेषतः जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री काहीतरी चावलं असेल तेव्हा. मण्यारीच्या दंशाची खूण कधीकधी दिसतही नाही, दुखतही फार नाही, आणि घरचे म्हणतात, ‘‘कोळी असेल, झोप.’’ पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं ही लक्षणं मागाहून येतात. त्यांची वाट न पाहता गाडी काढा आणि सर्पविषावरचं औषध (अँटिव्हेनम) असलेला दवाखाना गाठा.

एरवी माझा क्रम असा: आधी अक्काचे दोन प्रश्न, मग हौस असेल तर आयनॅचरलिस्ट. चित्रशोध मी आता रात्री करत नाही. कॅलेंडरमागचा हंट्समन अजून तिथेच आहे. तारीख बघायची तर पान जरा जपून उलटतो.