कोरोची जर्सी छापून घेतली, पाचपैकी तीन स्टार

म्हापशात मार्केटजवळ एक जर्सी प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि मला तिथे परत जायचंय. भाच्याच्या वाढदिवसाला एफसी गोवा या फुटबॉल क्लबची ऑरेंज जर्सी हवी होती, मागे त्यांचा जुना स्ट्रायकर कोरो याचं नाव आणि ८ नंबर, बस. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, कोरो कोण? रोनाल्डो टाकू काय, कापून तयार आहे." असेल अठरा-एकोणीसचा, कोरो गोव्यात आला त्या २०१७ साली पाचवीत असणार, त्याला काय बोलणार. पण गोव्यात, तेही जर्सीच्या दुकानात, हे ऐकून जरा लागलंच.

मग काय, विनाइल (नाव-नंबरचं चिकटवायचं प्लॅस्टिक) कापून होईपर्यंत मीच सुरू झालो. फेरान कोरोमिनास, स्पेनमधल्या जिरोनाकडचा. २००६ मध्ये एस्पान्योल क्लबने कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला त्या फायनलमध्ये याचा गोल, आणि त्याच सीझनच्या शेवटच्या लीग मॅचमध्ये एक्स्ट्रा मिनिटांत गोल मारून त्याच टीमला खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्यापासून वाचवलं. नंतर ओसासुना, एल्चे, मायोर्का, मध्ये सायप्रस असं फिरत फिरत ३४ व्या वर्षी एफसी गोवामध्ये आला. तेव्हा आमच्याकडे सर्रास म्हणायचे की परदेशी प्लेयर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पेन्शन खायला येतात, मी पण म्हणालोय, खोटं कशाला बोलू. आणि या माणसाने तीन सीझनमध्ये १८, १६ आणि १४ म्हणजे ४८ गोल मारले, दोनदा गोल्डन बूट (सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस), तिसऱ्यांदा एका गोलने हुकला.

केरळ ब्लास्टर्सविरुद्धची मॅच मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये बघितली, डिसेंबर २०१७. हाफ टाइमला रस ऑम्लेट खायला बाहेर पडलेला आमचा मित्र गर्दीतून आत येईपर्यंत कोरोची हॅटट्रिक झालेली, सात मिनिटांत तीन! त्याच्या आधीच्याच मॅचमध्ये बंगळुरूविरुद्ध पण हॅटट्रिक. धावायला फार फास्ट नाही, उंची बेताची, पण बॉल जिथे पडणार तिथे हा आधीच उभा, आणि गोलकीपर पुढे आला की डोक्यावरून अलगद उचलून टाकायचा. लांझारोते, जाहू, ब्रँडन, मागून सगळे पास देणारे, तो भाग वेगळा.

असो, जर्सी. कापड छान आहे, ड्राय-फिट, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, शिलाई पक्की, कॉलर सैल पडली नाही अजून. ६५० रुपयांत ठीकच. ऑफिशियल नाही हे ते आधीच सांगतात, ते आवडलं. सब्लिमेशन (उष्णतेने शाई कापडातच उतरवणं) करून द्या म्हटलं तर मालक म्हणाले तयार रंगीत जर्सीवर ते बसत नाही, पांढऱ्या कापडावर आधी छापून मग शिवावं लागतं, म्हणून विनाइल. एवढं नीट समजावून सांगणारे दुकानदार कमी.

गडबड नावात झाली. कोरोमध्ये दोन आर टाकले. आता यात अर्धी चूक माझी, व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवलेलं, मी कदंबाच्या बसमध्ये दांडा धरून उभा, न बघताच अंगठा पाठवला. पण बाबांनो, कागदावर मी स्वतःच्या हाताने एकच आर लिहून दिला होता, तो बघायचा ना! नवीन नाव फुकट लावून दिलं, कटकट केली नाही, त्याचा एक स्टार जास्त. फक्त जुनी अक्षरं सोलताना गोंद कापडातच राहिला, उन्हात धरली की कोरोच्या मागे दुसरा कोरो पुसट दिसतो, दोन आरवाला.

भाच्याला त्याचं काही नाही. "मामा, ह्याने किती गोल मारले?" म्हणाला, ४८ सांगितले तर म्हणतो छेत्रीपेक्षा जास्त काय. म्हटलं आयएसएलचे एकूण गोल बघितलेस तर नाही रे, पण हा तीनच सीझन खेळला.

घेणार असाल तर नाव स्वतः समोर उभं राहून वाचा, प्रेसखाली जायच्या आधी. आणि धुताना उलटी करून गार पाण्यात. पाठीवरून इस्त्री फिरवायची नाही हे मी ताईला सांगायला विसरलो, तिने फिरवली, ८ चं वरचं वाटोळं इस्त्रीला चिकटून आलं. परवा परत म्हापशाला जातोय.