लांबच्या राज्याचा नंबर, लष्कराचं पत्र आणि जप्त झालेली लँड क्रूझर

टोयोटा लँड क्रूझर १०५. पांढरी, उजव्या हाताचं स्टिअरिंग, ४.२ लिटर डिझेल, गंज जवळपास नाही. किंमत १८ लाख. पुण्यातल्या एका खरेदीदारानं ही गाडी घेतली आणि आठ महिन्यांनी सीमाशुल्क अधिकारी पंचनामा करून घेऊन गेले. विकणाऱ्याचा फोन बंद. हा सौदा इथे उलगडून लिहितो आहोत, कारण गाडी चोरट्या वाटेनं आल्याची प्रत्येक खूण टोकन देण्याआधी डोळ्यांसमोर होती.

आधी आरसी बघू. उत्पादनाचं वर्ष २००४, पहिली नोंदणी २०१९, तीही दूरच्या डोंगराळ राज्यात. मधल्या १५ वर्षांचा खुलासा म्हणून गोल शिक्क्याचं एक पत्र: गाडी लष्कराकडे होती, लिलावात काढली. विमा चालू, ॲपवर नंबर टाकला की सगळी माहिती हिरव्या अक्षरांत. खरेदीदाराचं समाधान इथेच झालं. पण ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत तेवढंच दिसतं, जेवढं कुणीतरी टंकून भरलेलं असतं. गाडी देशात कशी आली, तिच्यावर शुल्क भरलं का, हे तो पडदा सांगत नाही.

आता नियम. परदेशात वापरलेली गाडी भारतात आणायची तर आयातीच्या वेळी तिचं वय उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे, वेगमापक किलोमीटरमध्ये, किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्याची लायकी, हेही लागतं. आणि वापरलेल्या गाड्यांसाठी बंदर एकच, मुंबई. तिथे उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थेत चाचणी. म्हणजे सरळ मार्गानं आलेल्या जुन्या गाडीचे कागद आपल्या दारावरूनच गेलेले असतात. आरसीवरचं उत्पादन वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख यांची वजाबाकी करा. उत्तर तीनपेक्षा मोठं आलं, की पुढचं सगळं संभाषण त्या एका आकड्यावर व्हायला हवं. विंटेज गाड्यांचा नियम वेगळा आहे, पण त्यात १९९० च्या दशकातली किंवा नंतरची गाडी बसत नाही.

अशा सौद्यांत लष्कराचं आणि दूतावासाचं नाव वारंवार का येतं, ते यातून कळतं. जुनी परदेशी गाडी उशिरा खासगी नावावर येण्याच्या खरोखरीच्या वाटा फार थोड्या, आणि त्यातल्या या दोन. म्हणून बनावट कागद त्याच नावांचे छापले जातात. लष्कराची गाडी असेल तर लिलावाचा लॉट क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि डिलिव्हरी ऑर्डर हवी, आणि ती ज्या डेपोची असेल तिथे लेखी विचारून खात्री करायची. दूतावासाची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची विक्रीची परवानगी आणि शुल्क भरल्याचा सीमाशुल्काचा कागद. नुसत्या पत्राला काहीही किंमत नाही, शिक्का कितीही ठसठशीत असो.

या गाड्या प्रत्यक्षात येतात त्या बऱ्याचदा भूतानमधून. तिथेही वाहतूक डावीकडून, त्यामुळे स्टिअरिंग आपल्यासारखंच. तिकडचं फुन्त्शोलिंग आणि आपल्याकडचं जयगाव ही गावं एकमेकांना चिकटलेली. जुन्या सरकारी लँड क्रूझर, पॅट्रोल, प्राडो तिथे स्वस्तात मिळतात, शुल्क न भरता इकडे येतात आणि बनावट कागदांवर नोंदवल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागानं ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावानं केरळभर छापे घातले, ते याच गाड्यांसाठी. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत वाहन.

स्वस्ताईचं कोडंही आकड्यांनी सुटतं. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी अधिभार ६७.५ टक्के, मिळून १३७.५. त्यावर मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी, तोही शुल्कासकट झालेल्या रकमेवर. बंदरात १० लाख मूल्य धरलेली गाडी १३.७५ लाख शुल्कानं २३.७५ लाखांची होते, आणि ९.५ लाख जीएसटीनं ३३.२५ लाखांची. बंदराचा खर्च, एजंट, चाचणी आणि आरटीओचा कर अजून बाकीच. परदेशातून कायमचं परतणाऱ्या माणसाला गाडीवरचं शुल्क माफ असतं, असं एजंट सर्रास सांगतात. ते खोटं आहे. त्या सवलतीत गाडी आणता येते, शुल्क मात्र भरावंच लागतं.

आता बॉनेट उघडा, कारण या सौद्यातली सगळ्यात बोलकी खूण तिथे होती. आरसीवर मॉडेल ‘लँड क्रूझर १००’ आणि इंजिन नंबर १एचडी या अक्षरांनी सुरू होणारा. १एचडी हे टर्बोचं इंजिन. समोर उभ्या गाडीच्या ब्लॉकवर ठोकलेलं होतं १एचझेड, जे टर्बोशिवायचं. विक्रेत्यानं खरेदीदाराला सीसी जुळवून दाखवली: आरसीवर ४१६४, इंजिनही ४१६४. जुळणारच, कारण दोन्ही इंजिनांची क्षमता ४१६४ सीसीच आहे. सीसीवर भरवसा ठेवू नका, ब्लॉकवरची अक्षरं स्वतः वाचा. मग गाडीखाली वाका. १०० सिरीजला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं. १०५ ला या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग, जाड अॅक्सल. बाहेरून दोघी बहिणी दिसतात, खालून ओळख पटायला दहा सेकंद पुरतात. कागद एका गाडीचे आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं, हे तिथेच उघड होतं.

चॅसी नंबर उजव्या पुढच्या चाकाजवळ फ्रेमच्या बाजूला ठोकलेला असतो. चाक पूर्ण वळवा, माती ओल्या फडक्यानं पुसा, तारेचा ब्रश लावू नका. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घरी नेऊन आरसीशी आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, प्लेटशी जुळवा. मूळ ठशांची खोली आणि अंतर सारखं असतं. भोवतीचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं असेल, तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग जाड चढवलेला असेल किंवा आडवी वेल्डची रेघ दिसत असेल, तर तिथेच थांबा. नंबरातल्या दहाव्या अक्षरावरून वर्ष काढायची युक्ती इथे चालत नाही. अमेरिकेबाहेरच्या बाजारांसाठी बनलेल्या टोयोटांत त्या जागी बहुधा शून्य असतं. आणि खास जपानी बाजारातल्या गाडीला १७ अक्षरी नंबर नसतोच, मॉडेल कोड आणि पुढे सात अंकांचा फ्रेम नंबर असतो.

वर्ष तपासायचं तर सीटबेल्ट पूर्ण ओढा. खालच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवर तो बनल्याची तारीख असते. या गाडीत चारही पट्ट्यांवर १९९९ होतं. एखादा बेल्ट बदललेला असू शकतो, चारही नाही.

पैशांचा भाग थोडक्यात. २ लाख टोकन यूपीआयनं, ९ लाख भलत्याच माणसाच्या खात्यात, ७ लाख रोख. पावतीवर ५ लाख. आज वसुलीचा दावा करायचा तर विक्रेत्याच्या पावतीचा आधार एवढ्याच रकमेला आहे. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्यात बंदी आहे, हे सांगून रोख नाकारा. पैसे फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही केलेले मिळत असतील, तर तुमचा मालकाशी व्यवहारच झालेला नाही.

टोकनआधी एक गोष्ट मागा: बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्काकडे भरलेल्या कागदाची, पूर्ण प्रत, फोटोचा तुकडा नको. त्यात गाडीचा चॅसी आणि इंजिन नंबर हवा. क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड घेऊन सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट या संकेतस्थळावर स्थिती बघता येते. ‘फाईल जुनी आहे, एनओसीसोबत देतो’ हे उत्तर आलं तर गाडी सोडा. एनओसी राज्य बदलण्यासाठी असते, आयातीशी तिचा संबंध नाही.

गाडी आधीच घेतली असेल आणि शंका आली, तर ती पुढच्या माणसाला विकू नका. तेव्हा फसवणारे तुम्ही ठराल. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८(४), ३३६ आणि ३४० म्हणजे फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि त्याचा वापर, अर्जात लिहा. खोट्या कागदांवरची नोंदणी आरटीओ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द करू शकतं, आणि जप्ती ही विम्यातून भरपाई मिळणारी हानी नाही.

जप्ती झालीच, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११०अ खाली बंधपत्र आणि सुरक्षा ठेव देऊन गाडी तात्पुरती सोडवण्याचा अर्ज करता येतो. कलम १२४ ची कारणे दाखवा नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत बँकेचे उतारे आणि विक्रेत्याशी झालेल्या संदेशांच्या प्रती जोडा. पंचनाम्याच्या वेळी ओडोमीटर, स्टेपनी, विंच, बसवून घेतलेले टायर आणि दोन्ही टाक्यांतलं डिझेल नोंदवून घ्या. गाडी यार्डात उघड्यावर महिनोन्‌महिने उभी राहते, आणि नोंद नसलेली वस्तू परत मागायला आधार उरत नाही.