रेडमाइन: छोट्या टीमसाठी भक्कम, पण आधी छाटणी करा

पणजी-पर्वरीतल्या पाच-सहा जणांच्या सॉफ्टवेअर टीमकडे तक्रारी बहुतेक व्हॉट्सॲपवरच येतात. गेस्टहाऊसवाला रात्री स्क्रीनशॉट टाकतो, खाली तीन अंगठे पडतात आणि काम नेमकं कोणी घेतलं ते कुणालाच कळत नाही. इश्यू ट्रॅकर, म्हणजे प्रत्येक तक्रार (इश्यू) नोंदवून ती कोणाकडे आणि कुठवर आली हे दाखवणारं साधन, हवं ते इथे. जिरा हा क्लाउडवरचा ट्रॅकर दहा जणांपर्यंत फुकट आहे, सर्व्हरची कटकट नको असेल तर खुशाल तो घ्या. पण माणसं वाढणार असतील आणि डेटा आपल्याच मशीनवर ठेवायचा असेल, तर रेडमाइन अजूनही पहिल्या पसंतीचं आहे. २००६ पासून चालू, मुक्तस्रोत, माणशी भाडं नाही. दिसायलाही २००६ चंच आहे. त्याचा एक फायदा असा की पानं हलकी आहेत, वाळपईहून मोबाईलच्या नेटवर काम करणाऱ्यालाही ती पटकन उघडतात.

रेडमाइनची अधिकृत डॉकर इमेज (सगळं आत बांधलेलं आयतं पॅकेज) घेतली की ते ३००० पोर्टवर उभं राहतं. डेटाबेसची माहिती दिली नाही तर ते मुकाट्याने एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या छोट्या डेटाबेसवर चालू होतं. चाचणीला ते ठीक, कामाला नाही. पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस हा पूर्ण डेटाबेस जोडा. पहिलं लॉगिन ॲडमिन-ॲडमिन, पासवर्ड लगेच बदला. मग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये ‘लोड द डीफॉल्ट कॉन्फिगरेशन’ दाबा, नाहीतर ट्रॅकर (रेडमाइनमध्ये हा इश्यूचा प्रकार), स्टेटस, कामाचे रोल यातलं काहीच नसतं आणि इश्यू नोंदवताच येत नाही.

यानंतरची सेटिंग सर्वांत महत्त्वाची. मुळात लॉगिनची सक्ती बंद असते आणि नवा प्रोजेक्ट सार्वजनिक असतो. म्हणजे पत्ता माहीत असलेला कोणीही तुमच्या ग्राहकाच्या तक्रारी वाचू शकतो. सेटिंग्जमधल्या ऑथेंटिकेशनमध्ये लॉगिन सक्तीचं करा आणि प्रोजेक्ट्समध्ये ‘नवे प्रोजेक्ट सार्वजनिक’ ही खूण काढा.

आता छाटणी. आयती स्टेटस सहा येतात. न्यू, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्हड, क्लोज्ड एवढी चार पुरेत, ‘रिजेक्टेड’ हवं तर ठेवा. ‘फीडबॅक’मध्ये गेलेला इश्यू सहसा तिथेच कुजतो. प्रायॉरिटी पाच असतात, त्यातली ‘इमीडिएट’ काढाच. ती असली की सगळंच इमीडिएट होतं. डेव्हलपरने रिझॉल्व्हडपर्यंत न्यावं, क्लोज तपासणाऱ्यानेच करावं. हे वर्कफ्लोच्या, म्हणजे कोणी कोणत्या स्टेटसवरून कुठे न्यावं याच्या, तक्त्यात रोल आणि ट्रॅकरनुसार खुणा करून बसवता येतं. नवा ट्रॅकर करताना ‘कॉपी वर्कफ्लो फ्रॉम’ रिकामं राहिलं तर त्या ट्रॅकरचे इश्यू न्यूमध्येच अडकतात. मग लोक म्हणतात रेडमाइन बिघडलंय.

इश्यू कसा लिहावा याचा एक नमुना टीमसमोर ठेवा:

‘रात्री १२ ते ५:३० मध्ये केलेलं बुकिंग आदल्या तारखेला दिसतं. पायऱ्या: रात्री १ वाजता ॲपवरून आजची खोली घ्या, मग ॲडमिनमध्ये तारीख पाहा. अपेक्षित: आजची. प्रत्यक्ष: कालची.’

एवढं वाचूनच डेव्हलपरला कळतं की सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) आहे आणि साडेपाच तासांचा फरक कुठेतरी सुटलाय. ‘बुकिंग चालत नाही’ या ओळीवरून हे कधीच कळलं नसतं. साचा देण्याची सोय मूळ रेडमाइनमध्ये नाही. पण नव्या इश्यूच्या पत्त्यातच वर्णनाचा मजकूर भरून तो पत्ता सगळ्यांच्या बुकमार्कला टाकला की काम भागतं. आणि हो, रेडमाइनचा टाइमझोनही सेटिंग्जच्या युजर्समध्ये भारताचा करा, नाहीतर हीच गडबड त्याच्या स्वतःच्या नोंदींतही दिसते.

चित्रं आणि व्हिडिओ जोडताना दोन ठिकाणी अडतं. रेडमाइनची मुळातली मर्यादा ५१२० केबी आहे, मोबाईलचं स्क्रीन रेकॉर्डिंग त्यात बसत नाही. ती ३० एमबीपर्यंत वाढवा. तरीही ४१३ एरर (फाइल फार मोठी) आली तर ती रेडमाइनच्या पुढे बसवलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची आहे. त्याची मुळातली मर्यादा १ एमबीच असते, ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ वाढवावी लागते.

मेल हे दुसरं दुखणं. क्लाउडवाले बरेचदा पोर्ट २५ बंद ठेवतात, म्हणून कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मेल सेवेचा पत्ता ५८७ पोर्टसह द्या आणि कंटेनर (डॉकरमध्ये चालू असलेलं रेडमाइन) पुन्हा सुरू करा. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड लागतो.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटशी जोडणी छान आहे, पण गिटहबचा पत्ता टाकून भागत नाही. रेपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) मिरर प्रत त्याच सर्व्हरवर हवी आणि ती क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने, ताजी ठेवावी लागते. मग कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात ‘रेफ्स’ आणि इश्यूचा नंबर लिहिला की कमिट त्या इश्यूखाली दिसतं.

उणिवाही आहेत. इश्यूची कार्डं स्टेटसच्या रकान्यांत ओढून सरकवायचा कानबान बोर्ड मूळ रेडमाइनमध्ये नाही, प्लगइन (वरून बसवायची जोड) लागतं, आणि आवृत्ती बदलली की सर्वांत आधी मोडतात ती प्लगइनंच. सबटास्क (इश्यूखालची छोटी कामं) केले की मूळ इश्यूची प्रायॉरिटी आणि तारखा त्यांच्यावरून ठरतात, हाताने बदलता येत नाहीत. ते नको असेल तर इश्यू ट्रॅकिंगच्या सेटिंगमध्ये ‘इंडिपेंडंट’ करा. सुट्टी म्हणून फक्त आठवड्याचे वार देता येतात, सुरुवातीला शनिवार-रविवार असतात. चवथीत ऑफिस बंद असतं हे त्याला सांगायची सोय नाही, त्या आठवड्याच्या तारखा हातानेच पुढे ढकलाव्या लागतात.

बॅकअपला नुसता डेटाबेस पुरत नाही. जोडलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्या फोल्डरला स्वतंत्र व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी साठवणीची जागा) द्या आणि दोन्ही रोज रात्री दुसऱ्या मशीनवर पाठवा. डेटाबेस परत आणला पण फाइली राहिल्या, तर इश्यूत स्क्रीनशॉटचं नाव दिसतं, चित्र उघडत नाही.