माहीमचा बुधवारचा नोव्हेना: मुलासाठी नऊ बुधवार केले, त्याचा अनुभव

खूप जणी विचारतात की माहीमला जाऊन फरक पडतो का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मी वसईची. माहीमच्या सेंट मायकल चर्चला गेल्या वर्षी पावसाळ्यात, म्हणजे १६ जुलै ते १० सप्टेंबर २०२५, सलग नऊ बुधवार नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा सलग करायच्या प्रार्थनेला गेले, एकही खाडा नाही. नोकरी, व्हिसा, घर, आजारपण यातलं काहीच मागायचं नव्हतं, मुलासाठी गेले. मुलगा चांगलाय, २६ वर्षांचा, पुण्यात कंपनीत आहे, व्यसन नाही, उलट उत्तर देणं नाही, फक्त त्याने देव सोडलाय.

ज्यांच्या घरी हे झालं नाही त्यांना वाटतं त्यात काय एवढं, आजकालची पोरं अशीच, लग्न झालं की येतील चर्चला. पण २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री मी त्याचा निळा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला होता मिडनाइट मिस्सासाठी, आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "मम्मी मी नाही येत. कंटाळा म्हणून नाही, मी मानतच नाही आता. तिथे उभं राहून नुसतं तोंड हलवायचं म्हणजे तुला फसवल्यासारखं होतं." ज्या पोराला मी पहिल्या कम्युनियनला पांढऱ्या कपड्यात नेलं, जो सहा वर्षं वेदीसेवक होता, त्याच्या तोंडून हे. शर्ट तसाच पलंगावर राहिला. चर्चमध्ये सगळे एकमेकांना हॅपी ख्रिसमस करत होते आणि मी बाजूच्या रिकाम्या जागेवर पर्स ठेवली, कोणी येऊन बसू नये म्हणून.

त्यानंतर वर्षभर मी जे केलं ते करू नका. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर वचन, त्याच्या बॅगेत गुपचूप जपमाळ, मावशीला सांगून फोन, मामाला सांगून फोन. त्याने कधी काही म्हटलं नाही पण त्याचे फोन कमी होत गेले, आधी रोज यायचा, मग रविवारी, मग रविवारी पण मीच करायचे. तेव्हाच एका ठिकाणी प्रार्थनासभेला गेले होते, नाव घेत नाही, तिथे प्रार्थना करणाऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगा भरकटतो तेव्हा आईच्या विश्वासात कुठेतरी भोक असतं. मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. ज्या कोणाला असं सांगितलं गेलंय तिला मला एवढंच सांगायचंय की हे खोटं आहे, त्याचं पुढे लिहिते.

आता माहीमचं. हा नोव्हेना १९४८ पासून दर बुधवारी चालू आहे, अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सक्कर म्हणजे नेहमी मदतीला धावणारी माता, तिचा. दिवसभर वेगवेगळ्या भाषांमध्ये असतो, मराठीत पण असतो, फक्त वेळ जायच्या आधी विचारून घ्या, मी इथे लिहीत नाही कारण बदलते. वसई विरारकडून येणाऱ्यांसाठी: फास्ट गाडी माहीमला थांबत नाही, अंधेरीला उतरून स्लो पकडा. वांद्र्याला उतरलात तर रिक्षावाला खाडीच्या अलीकडेच सोडणार, पुढे रिक्षाला परवानगीच नाही, टॅक्सी किंवा बस. गुडघे बरे असतील तर माहीम स्टेशनवरून चालत जाणं सगळ्यात सोपं. छत्री आणि पाण्याची बाटली ठेवा. गर्दी असतेच, बुधवारी अख्ख्या माहीमला माहीत असतं की आज बुधवार आहे. आणि गर्दी फक्त आपल्याच लोकांची नसते, माझ्या बाजूला एकदा मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या घातलेली बाई हात जोडून बसली होती आणि माझ्याहून जास्त मन लावून बसली होती.

बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात, वांद्र्याच्या जत्रेत मिळतात तशाच. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं तर मेणाचं घर, मूल हवं तर बाळ. पहिल्या बुधवारी मी त्या टोपलीसमोर बराच वेळ उभी होते, मला काय घ्यायचं तेच कळेना, माझ्या पोराचं दुखतंय कुठे? विकणारी बाई म्हणाली, "काय पायजे ताई? कशासाठी?" मी म्हटलं मुलासाठी. तिने विचारलं आजारी आहे का, मी म्हटलं नाही, देवाला मानत नाही. तिने टोपलीत हात घालून शोधलं, हृदय उचललं, परत ठेवलं, आणि मग साधी लांब मेणबत्ती काढून दिली आणि म्हणाली, "ही लावा, ही सगळ्याला चालते." तेव्हापासून नऊही बुधवार तीच साधी मेणबत्ती.

आता मुख्य म्हणजे ते चित्र. घरोघरी असतं, माझ्या सासूबाईंच्या खोलीत पण होतं, पण मी ते नीट बघितलं माहीमला बसून. मूळ चित्र रोममध्ये आहे, १८६६ मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट नावाच्या संघाच्या फादरांकडे सोपवलं आणि तिथून जगभर पसरलं. दोन्ही बाजूला देवदूत आहेत, एकाच्या हातात क्रूस आणि खिळे, दुसऱ्याच्या हातात भाला आणि स्पंज, म्हणजे पुढे त्याला क्रूसावर मारतानाच्या वस्तू. बाळ येशू ते बघून घाबरलाय आणि त्याने आईचा हात दोन्ही हातांनी धरलाय. आणि खाली बघा, एका पायातली चप्पल सुटून नुसत्या पट्ट्यावर लोंबकळतेय. इतक्या घाईत तो आईकडे धावलाय. दुसऱ्या तिसऱ्या बुधवारी माझी नजर त्या चपलेवर गेली आणि मग प्रार्थनेचे शब्द काही ऐकूच आले नाहीत, कारण माझा पोरगा लहानपणी कुत्र्याला घाबरून असाच एक चप्पल रस्त्यात टाकून माझ्याकडे पळत आला होता. आणि अजून एक, त्या चित्रात माता बाळाकडे बघत नाहीये. ती आपल्याकडे बघतेय. हात बाळाच्या हातात आणि डोळे आपल्यावर, म्हणजे समोर जी कोणी रडत बसलीय तिच्यावर. मी तिथे बसून तिला मनात म्हटलं, तुझा पण बारा वर्षांचा असताना यरुशलेममध्ये तीन दिवस सापडत नव्हता, तुला माहितीये.

नोव्हेनामध्ये लोकांची पत्रं वाचतात, आभाराची पण आणि मागणीची पण. नाव नसतं, नुसतं एक आई, एक विद्यार्थी असं. चौथ्या बुधवारी कोणाचं तरी पत्र होतं की अकरा वर्षं भावाशी बोलणं नव्हतं ते सुरू झालं. मी पण लिहिलं होतं, वाचलं की नाही माहीत नाही, मी होते तेव्हा तरी नाही, पण लिहिताना जे झालं ते महत्त्वाचं. पहिल्यांदा लिहिलं, माझ्या मुलाला चर्चला परत आण. वाचून बघितलं तर वाटलं हे माझ्यासाठीच मागतेय, बाजूची जागा भरावी म्हणून, लोक विचारतात ते थांबावं म्हणून. तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की तो तुझाच आहे, माझ्याकडे दिला त्याच्या आधीपासून, तो जिथे आहे तिथे त्याला सोडू नकोस. तिथून माझी प्रार्थनाच बदलली.

सातवा बुधवार २७ ऑगस्टला आला. त्या दिवशी संत मोनिकेचा सण आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी, सुट्टी म्हणून पोरगा घरी आलेला. पाऊस होता, तो स्वतःच उठला आणि स्कूटरवर स्टेशनला सोडायला आला. वाटेत म्हणाला, "एवढी दगदग माझ्यासाठीच ना?" मी म्हटलं हो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं जा, गाडी चुकेल." बस एवढंच, पण दीड वर्षांत या विषयावर आमच्यात पहिल्यांदा न भांडता काही बोलणं झालं होतं.

गाडीत बसून मी फोनवर मोनिकेचं सगळं वाचलं, लहानपणी कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, नुसतं रडणारी आई एवढंच शिकवलं होतं. तिचा मुलगा ऑगस्टिन, जन्म ३५४, उत्तर आफ्रिकेतला, हुशार, आईचा धर्म सोडून मानी पंथात, म्हणजे मानी नावाच्या माणसाने काढलेल्या वेगळ्या पंथात गेलेला. ती एका बिशपकडे गेली की तुम्ही त्याला समजवा, ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले, त्यांनी चक्क नाही म्हटलं, म्हणाले आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती तरी रडत राहिली तेव्हा ते म्हणाले की एवढ्या अश्रूंचं पोर वाया जाणं शक्य नाही. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या आधीचं "त्याला राहू दे" कोणी सांगत नाही. आणि पुढचं तर मला नवीनच होतं. ३८३ मध्ये तो रोमला निघाला, ती कार्थेजच्या किनाऱ्यावर त्याला सोडेचना, तर त्याने थाप मारली की मी मित्राला निरोप द्यायला आलोय, ती रात्रभर संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात देवाला विनवत बसली की याला जाऊ देऊ नकोस, आणि सकाळी उठून बघते तर जहाज गेलेलं. देवाने ऐकलंच नाही असं तिला वाटलं असणार. पण त्या प्रवासातूनच तो पुढे मिलानला पोचला आणि तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. मोनिका त्याच वर्षी ओस्तियाला वारली. मला त्या प्रार्थनासभेतल्या माणसाला विचारावंसं वाटलं, मोनिकेच्या विश्वासात कुठे भोक होतं सांगा.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायाकडे पण मी आता वेगळी बघते. मेंढपाळ मेंढराला शोधायला जातो, बाई नाण्यासाठी घर झाडून काढते, पण घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या मागे बाप जात नाही. मुलगा म्हणजे मेंढरू नाही ना, खांद्यावर टाकून आणायला. बाप वाटणी देतो, जाऊ देतो, आणि तरी तो दूर असतानाच बापाला दिसतो, म्हणजे बाप रस्त्याकडे बघत असणार. मला तेवढंच जमण्यासारखं आहे, रस्त्याकडे बघणं. म्हणून वचनं पाठवणं बंद केलं. आता त्याला फोन केला की जेवलास का विचारते आणि खरंच तेवढ्यासाठीच विचारते.

आता सरळ उत्तर. मुलगा परत आला का? नाही. २०२५ च्या नाताळला पण मिस्साला आला नाही, घरी थांबून त्याने करंज्या तळून ठेवल्या. तुम्हाला कोणी सांगितलं असेल की नऊ बुधवार केले की काम होतंच तर त्या हिशोबाने जाऊ नका, तसं नाहीये ते, नऊ बुधवार म्हणजे हप्ते नाहीत की फेडले की वस्तू ताब्यात. पण ज्या आईला आपलं दुःख घरात बोलता येत नाही, नवऱ्याला राग येतो, गावात चर्चा होते, तिला आठवड्यातून एकदा शेकडो माणसांमध्ये बसून बिनधास्त रडता येतं आणि कोणी वळून बघत नाही, याला मी पाचपैकी पाच देते. येताना मी हलकी होऊन यायचे. माझी आशा आता माझ्या रडण्यावर किंवा त्याच्या हो-नाही वर टांगलेली नाही, ज्याने त्याला घडवलं त्याच्यावर आहे, आणि तो काही दमत नाही.

नऊ झाल्यावर पण मी जातेच, दर बुधवारी नाही, महिन्यातून एकदा. माहीमला उतरले की पोराचा मेसेज आलेला असतो, "पोचलीस का." वसईहून कोणी येणार असेल तर सांगा, सकाळच्या गाडीला लेडीज डब्यात दोन जागा धरते.