बाथरूममधला तक्ता आणि बोलणारा फळा

लेक एप्रिलमध्ये इथल्या शाळेत पहिलीला जाईल. जपानला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली, पण माझं लिहिणं-वाचणं अजून लंगडंच. म्हणून दोघींसाठी मिळून दोन वस्तू आणल्या. एक, शंभर येनांच्या दुकानातला हिरागानाचा, म्हणजे जपानी मूळाक्षरांचा, बाथरूम-तक्ता, करासकट 110 येन. दुसरी, अक्षर दाबलं की बोलणारा फळा, तीन हजार येनांच्या आतबाहेर. चार महिने वापरून लिहितेय.

आधी तक्ता. प्लास्टिकचा पातळ कागद, मागून पाणी लावलं की ओल्या भिंतीला चिकटतो. इकडे मुलं संध्याकाळी टबात बराच वेळ डुंबतात, तेव्हा समोर हा असतो. वाचायचा उजवीकडून डावीकडे, वरून खाली. पहिल्या उभ्या रांगेत अ, इ, उ, ए, ओ. पुढची रांग क, मग स, त, न, ह, म, य, र, व. पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा टबाच्या काठावर बसून मी जोरात वाचलं आणि थबकले. ही तर आपली बाराखडी आणि वर्णमाला! कंठापासून सुरू होऊन ओठांपर्यंत येते, मग य, र, व. फक्त च वर्गाच्या जागी स बसलाय आणि प वर्गाच्या जागी ह.

हा योगायोग नव्हे. इथले बौद्ध भिक्षू संस्कृत शिकताना सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकले, त्या अभ्यासातून हा क्रम आला. देवळामागच्या स्मशानात थडग्यांपाशी लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांच्यावर आजही सिद्धम् अक्षरं लिहितात. आणि ह ज्या जागी बसलाय तिथे पूर्वी प होता, हे तक्त्याच्या खालच्या भागात कळतं. दोन टिंबं दिली की क चा ग होतो, त चा द होतो, पण ह चा होतो ब! आणि छोटं वर्तुळ दिलं की प. लेकीने विचारलं, "ह चा ब कसा?" तिच्या बाईंनी म्हणे "असंच असतं" म्हणून सांगितलं. प फ ब भ घोकलेल्या आईला मात्र उत्तर देता आलं, याचा मला भलताच आनंद झाला.

अजून एक सवलत आपल्याला जन्मजात आहे. त च्या रांगेत ता, ति, तु असं न येता ता, चि, त्सु येतं. माझ्या भाषावर्गातले बाकीचे लोक त्सु म्हणताना तोंडं वेडीवाकडी करतात. आपल्याला काय, 'चूल' मधला चू म्हणायचा. आणि चि म्हणजे 'चिंच' मधला चि. आपल्याकडेही इ पुढे आला की च तालव्य होतो आणि उ पुढे आला की बहुधा दंततालव्य राहतो, बराचसा तसाच. 'जीभ' आणि 'जुना' यांतल्या दोन ज चंही तेच. फु म्हणताना मात्र दात ओठाला लावायचे नाहीत, गरम चहावर फुंकर मारतो तसा.

तक्त्याला नाव पन्नास ध्वनींचं, अक्षरं 46. य च्या रांगेत दोन घरं रिकामी, व च्या रांगेत जेमतेम व आणि कर्माला लागणारा ओ. शेवटी एकटा न्, म्हणजे आपला अनुस्वारच. गंगेत ङ, आंब्यात म, अंतात न, तसाच हाही पुढचं अक्षर बघून रंग बदलतो. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात, तिथे ओठ आपोआप मिटतात. न् ने सुरू होणारा शब्द नाही, म्हणून त्या घरात जिराफ काढलाय. किरिन, न् शेवटी. शब्दांच्या भेंड्यांत ज्याचा शब्द न् ने संपतो तो हरतो, त्यामुळे लेक जिराफाला घाबरून असते.

तक्त्यातली खोट छपाईची. कि, सा, रि ही अक्षरं छापील वळणात जोडलेली असतात आणि हाताने लिहिताना तुटक. या तक्त्यात ती जोडलेली आहेत. लेक तशीच लिहू लागली आणि होइकुएनच्या, म्हणजे पाळणाघराच्या, बाईंनी हळूच दुरुस्त केली. घेताना 'क्योकाशोताई', म्हणजे पाठ्यपुस्तकी वळण आहे का ते बघा, आणि रेघा कुठून सुरू करायच्या त्याचे आकडे असलेलाच घ्या. दुसरं, आंघोळीनंतर काढून वाळवा. मी आळस केला, तर मागून काळी बुरशी आली.

आता बोलणारा फळा. याच्यावर माझा राग आहे.

अक्षरं सुटी बोलायला तो उत्तम. आवाज स्वच्छ, बाईचा. पण जपानी शब्द सुट्या अक्षरांनी बनत नाही, मात्रांनी, म्हणजे सारख्या लांबीच्या ठोक्यांनी बनतो. त्सु हे अक्षर बारीक लिहिलं की ते उच्चारायचंच नाही, एक मात्रा गप्प बसून पुढचं व्यंजन दाबायचं. आपलं जोडाक्षर, पण मध्ये श्वास अडकलेला. फळ्यावर कि, बारीक त्सु, ते दाबा. तो म्हणतो, "कि, छोटा त्सु, ते." हे ऐकून कोण काय शिकणार?

मी काय शिकले ते सांगते. टपाल कचेरीत जाऊन म्हटलं, "किते कुदासाइ." तिकिटाला म्हणतात 'कित्ते'. 'किते कुदासाइ' म्हणजे 'इकडे या ना'. काउंटरमागचे गृहस्थ खरोखर उठून बाहेर आले! मी घाईघाईने रिकामा लिफाफा दाखवला.

दीर्घ स्वराचंही तेच. शेजारच्या काकूंना 'ओबासान' म्हणायचं, मी 'ओबाआसान' म्हटलं, म्हणजे आजी. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी केस रंगवलेले दिसले. माझ्यामुळे नसावेत. फळ्यावर तोक्यो दाबलं तर तो 'तो-उ-क्यो-उ' म्हणतो, कारण लिहायची पद्धत तशी. बोलताना तो उ ओ मध्ये विरघळून 'तोओक्योओ' होतं, चार मात्रा. 'वाताशि वा' (मी) मधला वा हा प्रत्यय ह च्या अक्षराने लिहितात. 1946 साली लेखन सुधारलं तेव्हा हा प्रत्यय, ए आणि ओ हे तिघे जुन्या वेशातच राहिले. फळा तिथेही इमानाने 'हा' म्हणतो. आणि 'देसु' (आहे) स्पष्ट म्हणतो, जिथे माणसं 'देस' म्हणून मोकळी होतात.

मात्रा शिकवल्या त्या होइकुएनच्या बाईंनी, टाळ्या वाजवून. कि टाळी, मग मूठ मिटून गप्प, ते टाळी. शिंबुन चार टाळ्या, कारण न् ला स्वतःची टाळी. क्यो मधल्या बारीक यो ला वेगळी टाळी नाही. शाळेत मात्रावृत्ताला कंटाळलेली मी घरी टाळ्या वाजवत बसते.

कताकानाचा, म्हणजे परकी नावं लिहायच्या दुसऱ्या अक्षरांचा, तक्ता त्याच दुकानात वेगळा मिळतो, आणखी 110 येन. त्यात शि आणि त्सु, न् आणि सो या जोड्या सारख्या दिसतात. शि आणि न् ची शेवटची रेघ खालून वर, त्सु आणि सो ची वरून खाली. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

तो घेण्याआधीच मी स्वतःवर एक संकट ओढवून घेतलं होतं. माझं आडनाव काळे. जपानीत ळ नाही, ल नाही, दोघांच्या जागी र. आपला ए मला लांब वाटतो, म्हणून दवाखान्याच्या अर्जावर मी 'करे' लिहून शेवटी दीर्घतेची आडवी रेघ दिली. नाव पुकारलं गेलं, "करेए-सान!" बाकावरच्या दोन मुलांनी माना वर केल्या. रेघेसकट 'करेए' म्हणजे तो भातावर ओततात तो करीचा रस्सा. रेघ काढली तर 'करे', म्हणजे 'तो', पुरुष. मी रेघ काढलीय. नवऱ्याच्या बँकखात्यात मात्र ती अजून आहे, कारण ती काढायची तर म्हणे पुन्हा कागदपत्रं.

तक्त्याला पाचपैकी चार, वळणापायी एक कमी. फळ्याला दोन, तेही स्वच्छ आवाजाचे. तो आता कपाटात आहे, सेल काढून रिमोटला घातलेत.