किलफेनोरा की टुल्ला? क्लेअर परगण्यातले दोन नाच-बँड

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअरमध्ये नाचाच्या मेळाव्याला ‘केली’ म्हणतात आणि त्यासाठी वाजवणाऱ्यांना केली बँड. व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन, बँजो, पियानो, ड्रम एवढा ऐवज.

किलफेनोराची सुरुवात १९०९ची मानतात. म्हणजे टुल्लापेक्षा हा बँड ३७ वर्षांनी थोरला. पियानोवर बसून किटी लिनेन यांनी तो अनेक दशकं सांभाळला. पुढे बँजोवादक जॉन लिंच प्रमुख झाले. त्यांचे वडील पी. जे. हेही याच बँडचे वादक. घरातलं वाद्य घरातच राहावं, तसा हा वारसा.

टुल्लाचा जन्म १९४६चा. इथे घराणं हेजचं. पी. जे. हेज यांनी आयुष्यभर धुरा वाहिली. मुलगा मार्टिन किशोरवयातच वडिलांच्या शेजारी बसून वाजवू लागला आणि पुढे जगभर नावाजला. संस्थापकांपैकी पॅडी कॅनी हे त्याच्या आत्याचे यजमान. त्या वयात अशी संगत म्हणजे तालीमच!

१९५०च्या दशकात दोघांची चुरस रंगली. १९५४, ५५, ५६ अशी सलग तीन अखिल आयर्लंड विजेतेपदं किलफेनोराने नेली. १९५७ साली टुल्लाने बाजी मारली.

पायांना थिरकायचं असेल तर किलफेनोरा घ्या, त्याची लय अंगात भिनते. मला मात्र टुल्ला जवळचा वाटतो. नाचाचा ठेका सांभाळूनही त्या व्हायोलिनांत हुरहुर उरते.